फियाटची आखणी

रोह्याच्या जितेशचे दोन संसार आहेत, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. एक निशिगंधाबरोबरचा, तीन वर्षांचा. दुसरा एकोणीसशे बहात्तरच्या आकाशी फियाटबरोबरचा, सात वर्षांचा. "थोरली ती, मी धाकटी," असं ती हसून म्हणायची. पण कार्बोरेटर पुसायचं फडकं एकदा ताटं पुसायच्या फडक्यांत सापडलं, तेव्हा मात्र ती हसली नव्हती.

कंपनीतली शिफ्ट संपली की जितेश कपडेसुद्धा न बदलता गाडीखाली शिरायचा. इंजिन झालं, गाद्या झाल्या, रंग झाला. घोडं अडलं होतं एका रेघेवर. गाडीला पूर्वी बोनेटपासून डिकीपर्यंत सुतासारखी बारीक सोनेरी रेघ होती आणि ती हाताने ओढणारा माणूस काही केल्या मिळेना. 'जुनी चाकं' नावाच्या ग्रुपवर तो दर महिन्याला विचारायचा. एका पेंटरची रेघ दारापाशी वाकडी झाली. दुसऱ्याने चिकटपट्टी लावली आणि ती काढताना खालचा रंगही घेऊन गेला. दोन्ही वेळा जितेश दोन दिवस नीट जेवला नाही. निशिगंधा वाढायची, बघायची आणि गप्प बसायची.

ती माहेरची पेणजवळच्या हमरापूरची. वडिलांचा, केरूबाबांचा, गणपतीचा कारखाना. सीझनला ती तिकडे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला जायची. जगाचे गणपती बसतात तेव्हा कारखान्यातल्या माणसांना मान वर करायला फुरसत नसते. म्हणून त्यांच्या घरचा गणपती येतो तो सगळी विसर्जनं आटोपल्यावर, भाद्रपद वद्य चतुर्थीला, म्हणजे साखरचौथीला. वर्षातून त्या एका दिवशी नवऱ्याने सोबत यावं, एवढंच तिचं मागणं होतं. पहिल्या वर्षी जितेशला शिफ्ट लागली. दुसऱ्या वर्षी इंजिन अंगणात उघडं पडलं होतं. यंदा त्याने बाप्पाची शपथ घेतली होती.

आणि याच शहाण्याने ग्रुपवर जुन्या गाड्यांच्या रॅलीची तारीख ठरवली. "गणपती झाले की सगळे मोकळे," त्याने लिहिलं. "दोन ऑक्टोबर. सुट्टी पण आहे. रोहा ते पेण, पुढे माझी गाडी." दहा गाड्यांनी होकार दिला, स्टिकरही छापून झाले. हमरापूरच्या जावयाने गणपती झाले म्हणावं, म्हणजे कमाल झाली!

आठवडाभर आधी भाकरी थापता थापता निशिगंधा म्हणाली, "दोन तारखेला सकाळीच निघू हां. साखरचौथ हाय."

जितेशचा घास तोंडातच राहिला. काहीतरी थाप मारावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण ते जमेना. "निशा, माझ्याकडून घोळ झालाय गो," म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "थोरलीला कसं नाय म्हणाल तुमी?"

हे त्याला फार लागलं. ताटावरून उठून त्याने लिहिलं, "मी रॅलीला नाही. त्या दिवशी हमरापूरला साखरचौथ आहे आणि बायकोला शब्द दिलाय. पुढची जागा दुसऱ्या कुणी घ्या." या दिवसाची त्याने सात वर्षं वाट पाहिली होती. ग्रुपचे म्होरके, पेणचे निवृत्त शिक्षक दामोदर सर, यांनी नुसता एक अंगठा टाकला. मग बाकीच्यांनीही अंगठेच टाकले. आपल्याला आता कुणी विचारणार नाही, असं जितेशला वाटलं.

दोन तारखेला नवरा-बायको फियाटमधूनच हमरापूरला पोचले. हजारो मूर्तींनी भरलेला कारखाना आता रिकामा होता आणि पाटावर एकच गणपती होता, घरचा. सगळ्यांत शेवटी राहिलेला, अजून डोळे न उघडलेला. निशिगंधाने हातपाय धुतले, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवली, श्वास रोखला आणि एका दमात भुवई ओढली. टोकाशी निमुळती, कुठे म्हणून थरथर नाही. मग दुसरी, पहिलीची जुळी.

जितेश बघतच राहिला. तीन वर्षं या हातचं जेवला, पण हा हात काम करताना त्याने आज पाहिला. रेघेसाठी गावोगावचे पेंटर पालथे घातले होते त्याने!

"निशा, गाडीची ती रेघ... तू ओढशील?"

"तीन वर्षं वाट बघतंय, कधी इचारता ते."

"मग बोलली का नाय?"

"तुमी ग्रुपवर इचारत होता. मी ग्रुपमदी हाय कुठं?"

तेवढ्यात बाहेर हॉर्नचा गलका झाला. दहा गाड्या ओळीने उभ्या, सर्वांत पुढे दामोदर सरांची मॉरिस.

"रस्ता बदलला रॅलीचा," सर उतरता उतरता म्हणाले. "अरे, आमच्याकडेही साखरचौथीचा गणपती असतो आणि तुझ्या तारखेला पहिला होकार माझा! बायको दोन दिवस बोलली नाही. आता मूर्ती इथल्याच शेजारच्या कारखान्यातून नेतो."

मग आळीतल्या घरोघरच्या मूर्ती कारखान्यांतून त्या गाड्यांत बसून घरी निघाल्या. सगळ्यांच्या पुढे अखेर फियाटच राहिली. बाप्पा निशिगंधाच्या मांडीवर आणि मागच्या सीटवर ताठ बसलेले केरूबाबा. "जन्मभर जगाचे गणपती टेम्पोत चढवले," म्हातारा म्हणाला, "माझा गणपती आज गाडीत बसला, जावईबापू." जितेशचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

आरती झाली, मोदक झाले. निशिगंधा मुकुटाच्या सोनेरी रंगाची वाटी घेऊन बाहेर आली. करंगळी पत्र्याला टेकवून ती बोनेटपासून चालू लागली. गाड्यांचे मालक श्वास धरून उभे. रेघ दारावरून गेली, डिकीपाशी निमुळती झाली आणि थांबली.

"वहिनी, आमच्या मॉरिसला..." दामोदर सरांनी हळूच विचारलं.

"नंबर लावा, सर. पण आधी मला ग्रुपमदी घ्या."

सरांनी तिथल्या तिथे तिला घेतलं. मिनिटभरात सगळ्यांचे फोन वाजले. फियाटचा फोटो आणि खाली निशिगंधाचे चार शब्द: "माझ्या थोरलीची आखणी झाली." त्यावर पहिला अंगठा जितेशचा होता.