शेखसाहेबांनी तळमजला पाहिला

टून वायडर्टच्या पोटात एखादी गोष्ट शिरली की ती तिथे कायमची मुक्कामाला राहायची. आता यात त्याचा एकट्याचा काय दोष म्हणा! आमचा लक्झेंबर्ग देशच तसा. नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली झाकला जातो, आणि दोन पिढ्या आम्ही पोट भरलं तेही दुसऱ्यांच्या गोष्टी झाकूनच. पैसे कुणाचे, नाव कुणाचं, बायकोला माहीत आहे का, असलं काही विचारायचं नाही आणि कुणी विचारलं तर सांगायचं नाही. आता कायदे बदलले, सगळं उघड दाखवावं लागतं. पण अंगात मुरलेली सवय कायद्याने जाते थोडीच? टून वकील होता, किर्शबर्गच्या टेकडीवर काचेच्या इमारतीत बसायचा, आणि घरी बायकोने 'दुपारी काय जेवलास?' असं विचारलं तरी क्षणभर थांबून मगच उत्तर द्यायचा.

अशा या टूनकडे आखातातल्या लोकांचे फंड होते. या मंडळींना व्याज चालत नाही. पैशाने नुसतं बसून पैसा जन्माला घातलेला त्यांना खपत नाही. खरं घर हवं, खरा धंदा हवा, त्याचं खरं भाडं हवं. आणि त्या धंद्यात दारू, डुकराचं मांस, जुगार यांचा वास नको. असे फंड बांधून देण्यात टूनचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. या खेपेला बहारीनच्या गुंतवणूकदारांना बोनवा भागातली एक चार मजली इमारत घ्यायची होती. वर दंतवैद्य, त्याच्यावर चष्मेवाला, त्याच्यावर भाषांतर करणाऱ्या दोन बहिणी, सगळं कसं धुतल्या तांदळासारखं. अडचण एकच होती आणि ती तळमजल्यावर काउंटरमागे उभी होती. तिचं नाव मार्गो.

मार्गो ही टूनची गीडेल. बाप्तिस्म्याला पोराला हातात धरते ती गीडेल, आणि आमच्याकडे तिने एकदा धरलं की जन्मभर सोडत नाही. टूनची आई लवकर गेली. तेव्हापासून शाळा सुटली की ते पोर मार्गोच्या कॅफेत यायचं, हिरव्या शेंगांचं सूप प्यायचं, आणि गृहपाठ काउंटरवरच करायचं. त्याला वकील केला तो तिनेच. आणि तिच्या कॅफेत काय मिळायचं? मोझेल नदीकाठची वाइन, नळाची बिअर, आणि दर गुरुवारी डुकराचं धुरावलेलं मांस घेवड्याच्या दाण्यांबरोबर. म्हणजे शेखसाहेबांना जे जे वर्ज्य ते ते सगळं ती विकायची, एक जुगार सोडून. आणि संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगला की त्याचीही खात्री कुणी दिली नसती.

टूनने तोड काढली ती वकिली. इमारतीचा म्हातारा मालक रेडिंग याने मार्गोचा करार वाढवायचा नाही, वर्षअखेर तळमजला रिकामा करून द्यायचा, तरच सौदा पक्का. हे कलम टूनने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणि मार्गोला? मार्गोला सांगू सांगू म्हणता उन्हाळा सरत आला. सत्तरी उलटलेली बाई, तिचं दुसरं आहे काय? सांगायला म्हणून तो दोनदा गाडी काढून निघाला आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरला. भ्याला, दुसरं काय!

अशात बहारीनहून निरोप आला. सौद्याला धर्मशास्त्राची संमती द्यायची ती शेख इद्रीस यांनी, आणि त्यांना इमारत डोळ्यांनी बघायची होती. तीही रविवारी, कारण त्यांच्याकडे रविवार कामाचा. टूनला बरंच वाटलं. रविवारी बोनव्यात चिटपाखरू नसतं. त्याने मार्गोला फोन लावला.

"गीडेल, रविवारी गॅसचे पाइप तपासायला माणसं येणारेत. कॅफे बंद ठेव आणि तुझ्या पोटमाळ्यावरच्या खोलीतून खाली येऊ नकोस."

"रविवारी? नगरपालिकेची माणसं? युद्धबिद्ध सुरू झालं की काय? आणि ह्या रविवारी तर..."

"तातडीचं आहे गं," टूनने तिला पुढे बोलूच दिलं नाही.

"बरं बाई. पण तू कधी येणारेस? तोंड विसरले मी तुझं."

"येतो, येतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

शनिवारी रात्री कॅफे बंद झाल्यावर गुपचूप जाऊन त्याने कॅफेच्या पाटीवर रंगाऱ्याची मोठी चादर टांगली. अहवालात त्याने तळमजल्यापुढे 'खानपान' एवढंच लिहिलं होतं. खोटं एक अक्षर नाही! झोपताना त्याने स्वतःला हे चार वेळा सांगितलं.

रविवारी शेख इद्रीस आले. ठेंगणे, पांढऱ्या दाढीचे, साध्या करड्या सुटातले, हातात छत्री. टूनला वाटलं होतं पाच मिनिटांत वरखाली बघतील आणि चहा घेऊन निघतील. पण कसचं काय! म्हाताऱ्याने जिन्याचा कठडा हलवून पाहिला, माळ्यावर जाऊन ओल शोधली, दंतवैद्याच्या बंद दाराशी उभं राहून टूनला 'पाऊस आला की गळतं का?' असं विचारलं.

"आमच्याकडे विकणाऱ्याने मालातली खोट आधी दाखवायची असते," ते जिना उतरताना म्हणाले. "लपवली तर सौदा नासला."

"फारच छान पद्धत आहे," टून म्हणाला आणि त्याने रुमालाने मान पुसली.

बाहेर फुटपाथवर आल्यावर शेखसाहेब थांबले. त्यांनी छत्रीचं टोक वर केलं. "ही चादर कशाची?"

"रंगकाम चालू आहे."

"आणि आत काय असतं?"

"खानपान."

"खान कळलं. पान कशाचं?"

टून उत्तरासाठी थांबला तो थांबलाच, कारण कोपऱ्यावरून ढोल वाजला.

आता बोनव्यात वाढलेला माणूस जत्रेचा रविवार विसरतो, याला काय म्हणावं! आमच्या जत्रेच्या रविवारी बँडवाले निळे झगे घालून दारोदार वाजवत फिरतात, लोक त्यांना खिडकीतून नाणी टाकतात, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात निळ्या फिती बांधलेली मेंढरं चालतात. मेंढरं का चालतात ते विचारू नका, बापजाद्यांपासून चालताहेत. आणि बोनव्याचा बँड मार्गोच्या कॅफेपाशी थांबल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. टून मात्र शहराबाहेर स्ट्रासेनच्या बंगल्यात राहायला गेला आणि साफ विसरला.

बँडचा म्होरक्या झेंप, तो आणि टून शाळेत एका बाकावर बसलेले. त्याने बंद दार पाहिलं आणि ट्रॉम्बोनच्या टोकानेच ठोकायला सुरुवात केली. "मार्गो! ए मार्गो! जिवंत आहेस ना?"

कॅफेच्या पोटमाळ्याची खिडकी उघडली. "हळू रे मेल्या! गॅसची माणसं आलीत. ठिणगी पडली तर तुझ्या भोंग्यासकट उडशील."

"कसली गॅसची माणसं? इथे तर तुझा टून उभा आहे, टाय लावून!"

"टून?" मार्गो कमरेपर्यंत खिडकीबाहेर आली. "अरे, तू गॅसवाल्यांकडे कधीपासून लागलास?"

टून घाईघाईने तिला हाताने आत जायची खूण करू लागला. तेवढ्यात पुढच्या मेंढीला लोंबणाऱ्या चादरीचं टोक खायची वस्तू वाटली. तिने ते तोंडात धरून एक हिसका दिला आणि चादर खाली आली. पाटी उघडी पडली: हिरवी द्राक्षं, फेसाळता ग्लास, आणि मोठ्या अक्षरांत 'मार्गोकडे'. बँडवाल्यांनी टाळ्या पिटल्या. धरणीने पोटात घ्यावं असं टूनला झालं.

शेखसाहेबांनी पाटी सावकाश वाचली, मग मेंढीकडे पाहिलं. "हिला जत्रेनंतर कापतात?"

"छे छे, शेतावर परत जाते," झेंप म्हणाला.

"अरेरे," शेखसाहेब म्हणाले.

मार्गो खाली आली ती एप्रन बांधूनच. शेखसाहेब तरुणपणी ट्यूनिसला शिकलेले, ते तिच्याशी फ्रेंचमध्येच बोलू लागले, त्यामुळे मध्ये पडून शब्द गाळायची टूनची सोयच राहिली नाही. आपण कोण, कशाला आलो, हे त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं. "इमारत घेणारे आमचे लोक आहेत. वर्षअखेर तळमजला रिकामा मिळेल असं करारात आहे. आपण कुठे जाणार आहात?"

"रिकामा?" मार्गो म्हणाली. "म्हणजे मी?"

ढोलवाल्याने काठ्या खाली घेतल्या.

"हे कुणी लिहिलं? रेडिंगने?"

"मी लिहिलं, गीडेल," टून म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एप्रनची गाठ सोडली, परत बांधली, आणि म्हणाली, "कॅफे जायचं तर जाईल रे. माझे गुडघे तरी कुठे राहिलेत! पण मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. सूप पिताना सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

"मला तोंड दाखवायची लाज वाटली."

"म्हणून गॅस?"

"म्हणून गॅस," टून म्हणाला, आणि त्या पन्नाशीच्या वकिलाचे डोळे भर रस्त्यात, सगळ्या बँडसमोर भरून आले. त्याला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

शेखसाहेबांनी घसा साफ केला. "आत बसून बोलू या का? माझे पाय दुखतात."

"आत दारू आहे हो," टून घाईने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने न विचारता काही सांगितलं असेल.

"ते पाटीवर वाचलं मी. मी पिणार नाही. खुर्ची तर चालते."

मार्गोने शटर वर केलं. शेखसाहेबांना तिने खिडकीजवळची जागा दिली, पुदिन्याचा चहा दिला आणि जांभळ्या क्वेच फळांचा टार्ट पुढे ठेवला. "पिठात लोणी आहे. चरबी घालत नाही मी, आमच्या पाद्रीबाबांना पचत नाही."

शेखसाहेबांनी टार्ट चाखला, मग आणखी एक तुकडा मागून घेतला, आणि मग टूनकडे वळले. "वायडर्टसाहेब, दारूचं दुकान आमच्या फंडात बसत नाही, त्यात माझा नाइलाज आहे. पण बाईंना घालवा, असं तुम्हाला सांगितलं कुणी? मी?"

"नाही. मीच आपलं..."

"तुम्ही मला विचारलंच नाहीत. चादर घातलीत. विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, वरचे मजले आम्ही घेतो, हा तळमजला सौद्यातून बाहेर काढा. झालं! वाइन मला दिसली तरी चालते हो. झाकलेली दिसली की मग मी माळ्यापर्यंत सगळंच परत तपासतो."

"तेवढंच?" टून म्हणाला.

"तेवढंच."

टूनने तिथूनच रेडिंगला फोन लावला. रेडिंग म्हातारा पोर्तुगालला राहायला निघालेला, तो फोनमधून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने ओरडला. एकटा तळमजला गळ्यात घेऊन मी काय करू? विकायचं तर सगळं विकायचं, नाहीतर राहू दे! आणि फोन आपटला.

"मग ही खोली कोण घेणार?" शेखसाहेबांनी विचारलं.

मार्गोने खांदे उडवले. "माझ्याकडे बघू नका. माझी पुंजी म्हणजे बरण्या आणि हे गुडघे." ती हसली, पण हात तिने काउंटरवर घट्ट दाबून धरले होते.

टूनला ते हात दिसले. बायकोशी बोलायला हवं, बँकेशी बोलायला हवं, दोन दिवस विचार करायला हवा, कुणाला कळता कामा नये, असं त्याच्या मनात रांगेने येऊन गेलं. आणि मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी घेतो."

"मोठ्याने बोल!" दारातून झेंप ओरडला.

"मी घेतो म्हणालो! तळमजला मी घेतो! निवृत्तीसाठी ठेवलेलं सगळं यात घालतो, आणि कमी पडलं तर कर्ज काढतो."

"व्याजाने?" शेखसाहेबांनी डोळे मिटले. "ते मी ऐकलं नाही. पण सौद्याचा वकीलच त्यातला तुकडा विकत घेतोय, हे बहारीनमध्ये मी सगळ्यांना सांगणार, आणि किंमत काय ठरली तेही."

"सांगा. मीच लिहून देतो. कॅफे, वाइन, डुकराचं मांस, गीडेल, सगळं लिहून देतो. आणि घरी बायकोला आत्ता जाऊन सांगतो."

"तिला आधी सांग, नंतर इतरांना," मार्गो म्हणाली. "शिकलास का काही?"

दारात बँडवाल्यांनी एकच गलका केला. झेंपने ट्रॉम्बोन तोंडाला लावला आणि सगळ्या बोनव्याला बातमी कळेल अशा बेताने मेंढरांची धून सुरू केली. समोरच्या खिडक्या उघडल्या. "काय झालं?" कुणीतरी ओरडून विचारलं, आणि झेंपने वाजवायचं थांबवून ओरडून सांगितलं. टूनचे कान लाल झाले, पण आत कुठेतरी त्याला इतकं हलकं वाटत होतं की तो शेखसाहेबांच्या ताटलीतला टार्ट उचलून खाऊ लागला. शेखसाहेबांनी ताटली त्याच्याकडे सरकवली.

मार्गो काउंटरमागून बाहेर आली. तिने टूनचा टाय धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

"तर तू माझा घरमालक," ती म्हणाली. "ऐकून ठेव. भाडं मी वेळेवर देईन, एक पै बुडवणार नाही. पण बँकेत भरणार नाही."

"मग?"

"दर महिन्याला इथे यायचं, त्या स्टुलावर बसायचं, सूप प्यायचं, आणि माझ्या हातून घेऊन जायचं. नाही आलास तर त्या महिन्याचं भाडं नाही."