हात पाण्याकडे

प्रवाळाच्या कड्यातल्या खिंडीच्या तोंडाशी ‘गोएलाँ’ नौका सव्वा तास घिरट्या घालत होती आणि लोइकचा धीर सुटत चालला होता.

“भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओढ थांबायची वेळ साडेअकरा लिहिलीय. आता पावणेएक झाला. कशाची वाट बघतेस?”

“तीन दिवस दक्षिणेच्या लाटा कड्यावरून आत पडतायत, ते तक्त्याला कुठे माहीत?” आनिक म्हणाली. “आत साठलेलं पाणी ओसरल्याशिवाय ओढ थांबायची नाही. ती बघ, खिंडीत अजून पाणी उभं राहतंय.”

“मी असतो तर आत जाऊन जेवलोही असतो.”

“तू असतास तर खांदा दुसऱ्यांदा मोडला असता.”

लोइकचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. पाच आठवड्यांपूर्वी मार्केसास बेटांत शिडाखालचा आडवा दांडा झोकांडला आणि त्याच्या खांद्यावर बसला. तोवर चौदा वर्षं कामाची वाटणी पक्की होती. या बारा मीटरच्या शिडाच्या नौकेवर दोघं राहत, स्वयंपाक करत, भांडत, एका बेटावरून दुसऱ्यावर जात. उथळ पाण्यात शिरताना सुकाणू लोइककडे असे. आनिक नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभी राहून पाण्याचा रंग वाचत हाताने खुणा करी. ओळखीच्या बहुतेक जोडप्यांच्या नौकांवर हेच चालायचं.

खांदा मोडल्यावर लोइकने पापेते बंदरातल्या एका गिऱ्हाइकाला नौका विकायचा होकार कळवून टाकला. आनिकला सांगितलं ते नंतर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “तुआमोतूच्या पहिल्या कंकणासारख्या बेटाच्या आतल्या पाण्यात नौका मी नेणार. नांगर नीट पडला तर सौदा मोडायचा. नौकेला ओरखडा जरी गेला तरी किल्ल्या मी स्वतः त्याच्या हातात देईन.”

एक वाजून दहा मिनिटांनी खिंडीतल्या लाटा बसल्या. आनिकने एंजिनाचा वेग वाढवला. “जा पुढे. आणि धरून उभा राहा.”

“होय, कप्तान,” लोइक कुरकुरला आणि डाव्या हाताने कठडा धरत नाळेवर गेला.

खिंडीत ओढ उरली होती, पण बेताची. सुकाणूचा दांडा तिच्या हातात थरथरला. तिने तो पोटाशी दाबून धरला. दोन्ही बाजूंना फुटणारा पांढरा फेस मागे पडला आणि नौका आतल्या शांत, निळ्या पाण्यात आली. गावापुढची नांगराची जागा अजून दीड मैल होती आणि मधल्या पाण्यात प्रवाळाचे खडक विखुरलेले होते. सूर्य पाठीशी होता. मागे सुकाणूपाशी बसलेल्या आनिकला मात्र इतक्या खालून पुढचं पाणी एकसारखंच दिसत होतं. रंग दिसायचे ते नाळेवरून.

अर्धा मैल लोइकचा हात सरळ समोर होता. मग तो झटक्यात डावीकडे गेला.

आनिक डावीकडे वळू लागली. चौदा वर्षं तिचा हात गेला तिकडे लोइक वळला होता. हात नेहमी मोकळ्या पाण्याकडे करायचा, खडकाकडे कधीच नाही.

लोइकने हात आणखी ताणला. पण त्याचं अंग उजवीकडे चोरल्यासारखं झालं होतं आणि गुडघे वाकले होते. मोकळ्या पाण्याला बघून माणूस असा दबत नाही.

आनिकने दांडा होता तेवढ्या बळाने डावीकडे रेटला. दांडा जाईल त्याच्या उलट नौका वळते; ती जडपणे उजवीकडे फिरली. डाव्या अंगाने एक तपकिरी, बैलगाडीएवढा खडक सरकत गेला; त्यावरचे पिवळे मासे मोजता आले असते. तिने एंजिन उलटं फिरवून नौका थांबवली.

“मी दाखवत होतो ना!” लोइक ओरडला. “खडकावरच घातली असतीस!”

“तू खडक दाखवत होतास!”

“मग काय दाखवायचं?”

“पाणी! चौदा वर्षं माझा हात बघतोयस आणि तो कशाकडे असतो ते पाहिलंच नाहीस?”

नौका जागच्या जागी डुलत होती.

“मी फक्त वळत होतो,” लोइक म्हणाला.

“आता दाखव. हात पाण्याकडे. खात्री नसली तर मूठ वर, मी थांबेन.”

पुढचा मैल त्यांनी पाऊण तासात काटला. त्यात अकरा वेळा मूठ वर गेली आणि अकरा वेळा आनिक थांबली. गावापुढे पांढऱ्या वाळूवर नांगर पडला. साखळी ताणली गेल्यावर तिने पाण्यात उडी मारून आधी नांगर पाहिला, मग नौकेच्या दोन्ही कुशींवरून हात फिरवला. कुठेच ओरखडा नव्हता.

ती शिडीवरून वर आली तेव्हा लोइक एका हाताने सार्डिनचा डबा उघडायला धडपडत होता.

“जवळजवळ आपटलीच होती,” तो म्हणाला.

“जवळजवळ.” तिने डबा बाजूला केला आणि फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. “आधी त्या गिऱ्हाइकाला कळव. होकार तू दिलास, नकारही तूच दे.”

“डाव्या हाताने?”

“तोच चांगला आहे.”

लोइकने एकेक अक्षर शोधत दोन ओळी लिहिल्या, तिला वाचून दाखवल्या आणि पाठवल्या.

“उद्या ऊन वर आलं की त्याच खडकाभोवती तीन फेऱ्या घ्यायच्या,” केस पुसत आनिक म्हणाली. “तू नाळेवर.”

“तीन?”

“चुकलास तर चार.”