गोवर्धनचा दहावा

"परवा तुले जाळून आलो बा आमी," नत्थुजी म्हणाला आणि बैलांचं जू उतरवायला वाकला.

गोवर्धन डोकड्यात उभा होता. डोकडा म्हणजे माणसापेक्षा उंच अशी गोणपाटाची थैली. ती खड्ड्यात टांगायची, वरून रुई टाकत राहायची, आणि आत उतरलेल्या माणसानं ती पायांनी तुडवत थैली भरेल तसतसं वर यायचं. गोवर्धन छातीपर्यंत वर आला होता. भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई बसली होती.

"कोनाले जाळलं?" पाय न थांबवता त्यानं विचारलं.

"तुले."

रुई टाकणारा गडी हसला. "तरीच! मी म्हनतो, डोकडा भरून काहून नाई राहिला. भूत तुडवून राहिलं त दबन कसा?"

नत्थुजी गोवर्धनच्याच गावचा, भातकुलीकडचा. दर आठवड्याला कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचा. तो हसला नाही. "पळसाच्या पानायचा केला तुले. लांबी बरोबर घेतली. शेषरावनं तुहं जुनं धोतर नेसवलं. नाक तेवढं राहिलं होतं. थे तुह्या मायनं कनकेचं लावलं."

"मायनं?"

"मंग? नाकाबिगर कसा जाईन मानूस वरते?"

गोवर्धनचे पाय थांबले.

"पंचायचा हुकूम हाय," नत्थुजी आवाज उतरवून म्हणाला. "गोवर्धन मेला. दिसला तरी दिसला नाई म्हना, बोलला तरी आयकू नोका. दहाव्याले पेढी नदीवर तुह्या रुखमीच्या बांगड्या फोडतेत. मंग थे काई येत नाई गड्या. मी बी गाडीत घेऊ शकत नाई. रांडमुंड बाई दुसऱ्याच्या गाडीत बसवली त मले बी जाळतीन."

"मी जिता हाव, नत्थुजी."

"थे मले दिसून राहिलं. पन मले दिसून उपेग काय?"

गोवर्धन माळी. दोघा भावांची वांगी, मेथी आणि झेंडूची बाग. वांगी विकायला पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर जाता जाता तो पायरीवर बसून ऐकू लागला आणि दिवाळीनंतर त्यानं बाप्तिस्मा घेतला. साहेबांच्या मुलखात कुठे तरी लढाई पेटली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. शेषरावनं, त्याच्या थोरल्या भावानं, झेंडू उपटून बागेत कपाशी लावली आणि बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. अशा भरभराटीत धाकटा बाटला. वेचायला बाया येईनात, शेषरावच्या पोरींची ठरत आलेली सोयरीक मोडली. रुखमीनं, त्याच्या बायकोनं, मात्र निरोप धाडला होता: वेचणी सरली की लेकीला, शालूला घेऊन नत्थुजीच्या गाडीत येते.

तिनं येते म्हटलं याचंच गोवर्धनला नवल वाटलं होतं. रागाच्या भरात त्यानं एकदा चाबकानं बैलाचा डोळा फोडला होता. तोच चाबूक रुखमीच्या पाठीलाही माहीत होता. खरं तर तो त्या पायरीवर बसला होता तो देवासाठी नव्हे, रागावर काही औषध मिळतं का ते पाहायला.

औषध दिलं भगवंत मास्तरांनी. ते नगरकडचे, मिशनमध्ये उपदेशक. "आत्म्याचं बळ हे दंडाच्या बळासारखंच असतं," ते म्हणाले होते. "एकदम मणाचं ओझं उचलायला जाल तर कंबर मोडेल. आधी शेराचं उचला. रोज एका माणसाचं नाव घ्यायचं आणि प्रभूसमोर त्याला माफ करायचं. नुसतं तोंडानं नाही. शरीर सैल पडेपर्यंत."

गोवर्धननं ते अक्षरशः धरलं. पहिलं नाव न्हाव्याचं, ज्यानं त्याची दाढी अर्धी करून वस्तरा पुसला होता. मग विहिरीवरून त्याचा दोर काढून नेणारा शेजारी. मग एकेक पंच. राग आधी कानात येतो, मग जबड्यात, मग मुठीत, हे त्याला हळूहळू कळत गेलं. नाव घेऊन तो गुडघ्यावर बसे आणि उलट्या क्रमानं एकेक जागा मोकळी होण्याची वाट पाही. आधी मूठ, मग जबडा. कान सगळ्यांत शेवटी निवत. न्हाव्याला सबंध रात्र लागली होती. पंचांपर्यंत येता येता काम घटकाभरावर आलं.

शेषरावचं नाव त्यानं अजून घेतलं नव्हतं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी तो मास्तरांकडे गेला. "उद्या पेढीवर जातो. बायको-पोर आनाले. अन् दादाचं नाव बी राहिलं हाय."

"नाव इथं बसूनही घेता येतं."

"इथं बसून ओझं हलकं लागते, मास्तर."

मास्तर दिव्याची वात सारत बसले. "माझी आई दर पितृपक्षात माझ्या नावानं पान वाढते," ते म्हणाले. "एकदा मी दारापर्यंत गेलो होतो. दार उघडं होतं."

"मंग?"

"आत गेलो असतो तर तिनं कुणाला जेवू घातलं असतं?" त्यांनी वात नीट केली. "जा तुम्ही. पण हात उचलू नका. आवाज चढवू नका. ते काहीही करोत."

पहाटे निघून गोवर्धन पेढीवर पोचला तेव्हा विधी निम्म्यावर आला होता. पात्राच्या कडेला पाण्याची एक धार तेवढी वाहत होती, बाकी सगळी वाळू. शेषरावचं डोकं चकचकीत भादरलेलं. बायका एका बाजूला गोल करून बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये रुखमी. बांगड्या फुटून गेल्या होत्या. काचेनं उजवं मनगट कापलं होतं आणि ते रक्त कुणी पुसलं नव्हतं. कपाळ पांढरं. चार-पाच वर्षांची शालू तिच्या पाठीला चिकटून होती.

वाळूत पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवून सगळे लांब सरले होते. कावळा शिवला की मेलेला सुटला, मग आंघोळी करून घरी जायचं. पलीकडच्या बाभळीवर कावळे होतेच.

गोवर्धन येऊन पिंडाजवळ उभा राहिला.

पन्नासेक माणसं समोर होती. एकाही चेहऱ्यावर काही हाललं नाही. शेषरावची नजर त्याच्या छातीतून आरपार बाभळीकडे गेली.

"दादा," गोवर्धन म्हणाला, "मी भांडाले नाई आलो. रुखमाले अन् पोरीले घेऊन जातो."

"कावळे त हायेत," शेषराव भटजींना म्हणाला. "येऊन काहून नाई राहिले?"

भटजी खाली पाहत राहिले. जिवंत माणूस जवळ उभा असता कावळा उतरत नाही हे त्यांनाही दिसत होतं. पण बाजूला हो असं म्हणायचं कुणाला? म्हटलं की तिथं कुणी तरी आहे, असं झालं.

"काही इच्छा राहिली असेल," ते पुटपुटले.

मग रिवाजाप्रमाणे वचनं सुरू झाली. एकेकानं पिंडाकडे हात जोडावेत आणि बोलावं.

"गोवर्धना, तुह्या हिश्शाचं वावर शालूचं राहीन," शेषराव म्हणाला.

"मले वावर नोको, दादा. मानसं द्या."

"गोवर्धना, शालूचं लगन थाटानं करू," चुलता म्हणाला.

"गोवर्धना, माहा विळा नेलता तू," एक म्हातारा मागून ओरडला. "थो सोडला तुले. जाय आता!"

पोरं फिसकन हसली, मोठ्यांनी डोळे वटारले. ऊन तापू लागलं. कावळे फांदी बदलून पुन्हा तिथंच बसले.

भटजी कंटाळले. "दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्राला चालतं."

"नाई," शेषराव म्हणाला. "पुतळा पाल्याचा, कावळा बी गवताचा. लोक म्हनतीन, गोवर्धन मेलाच नाई. माह्या पोरी काय घरात ठेवू? खराच कावळा पायजे."

गोवर्धनचे कान तापले. मग जबडा. मूठ वळते आहे हे त्याला जाणवलं आणि त्यानं भावाचं नाव घेतलं. गुडघे न टेकता, उभ्या उभ्या. शेषराव. हा माझा भाऊ. याला माफ कर. बोटं सुटली. दात सुटले. मग कानही निवले. इतके महिने ज्या ओझ्याला तो बिचकत होता, ते वर गेलं होतं. त्यानं आईकडे, पार्बताबाईकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्यांवर ओढला होता. माय, असं तो मनात म्हणाला, आणि तेही गेलं. आपल्यात बळ आलं आहे हे त्याला स्वच्छ कळलं. तो जवळजवळ आनंदला.

"रुखमा," तो हळू म्हणाला. "चाल. पाई जाऊ. मी आता पहिल्यासारखा नाई राहिलो."

रुखमीनं मान वर केली. पन्नास माणसांत ती एकटीच त्याच्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलले, पण पार्बताबाईचा हात तिच्या गुडघ्यावर पडला.

ते शेषरावनं पाहिलं. तो बायकांकडे गेला आणि शालूला बखोटीला धरून पुढे घेऊन आला.

"बाबाले हात जोड. म्हन, बाबा, तू जाय."

शालूनं पिंडाकडे पाहिलं. मग पिंडामागच्या पायांकडे. तिची नजर वर चढत गेली आणि रुईनं पांढऱ्या झालेल्या त्या भुवयांपाशी अडकली.

"मोठे बाबा," ती शेषरावच्या धोतरात शिरत म्हणाली, "थे आलं. आजी म्हने, थे बाबाचं तोंड घेऊन येईन. पोट्ट्यायले नेते थे."

"कुठी हाय?" शेषराव म्हणाला. "मले त काई दिसून नाई राहिलं."

तिनं धोतर आणखी घट्ट धरलं. आपल्याला दिसतं आणि मोठ्या माणसाला दिसत नाही, यानं तिची उरलीसुरली शंका गेली.

गोवर्धन खाली बसला. हात पसरले. "शालू, मीच हाव माय. भूत नाई. भुताचे पाय उलटे ऱ्हायतेत नं? हे पाय. माहे पाय सरके हायेत." आणि पाय नीट दिसावेत म्हणून तो उठला आणि तिच्याकडे दोन पावलं चालत आला.

शालू किंचाळली नाही. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. डोळे वर गेले. परकराच्या खालून धार लागली आणि वाळूत मुरली.

गोवर्धन होता तिथं थिजला.

रुखमी उठून धावत आली. पोर छातीशी धरली. गोवर्धनच्या अंगाचा, घामाचा वास येईल इतकी ती जवळ होती. पण तिनं तोंड फिरवलं ते पिंडाकडे. कापलेला हात कपाळाला लावला आणि सगळ्यांनी दिलं तसंच तिनंही वचन दिलं, भाताच्या त्या गोळ्याला.

"पोरीले मी सांभाळीन. तुमी जा. तिले भेवाडू नोका. जा तुमी."

कुणी तरी खोकलं.

गोवर्धन मागे सरला. पोरीकडे पाठ केली तर आपण जातो आहोत हे तिला दिसेल, म्हणून त्यानं पाठ केली. दरड चढून बोरीच्या झुडपामागे गेला आणि बसला. खांद्यावरून फडफड झाली तेव्हा त्यानं वर पाहिलं नाही.

"शिवला! शिवला!" खालून ओरडा झाला.

माणसं सुटल्यासारखी बोलू लागली. पार्बताबाईनं गळा काढला. दहा दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. बायका तिला धरून पाण्याकडे घेऊन गेल्या. आंघोळी झाल्या, गाड्या जुंपल्या. शालू रुखमीच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. शेषरावनं पुढे होऊन दोघींना हात दिला आणि गाडीत बसवलं, फार जपून.

धूळ बसल्यावर गोवर्धन खाली उतरला. सवयीनं गुडघे टेकले आणि नावं घेऊ लागला. शेषराव. माय. चुलता, भटजी, विळ्याचा म्हातारा. रुखमा. प्रत्येक नाव आलं तसं हलकं होऊन गेलं. कान थंड होते, जबडा सैल होता, मुठी उघड्या होत्या. तरी छातीत काही तरी होतं, आणि ते कुणाच्या नावावर टाकावं हे त्याला सापडेना. तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

समोर, शालू उभी होती तिथं, वाळूत तळहाताएवढी जागा ओली होती. ऊन चढलं होतं. ओल कडेनं सुकत आत आत सरकत होती. गोवर्धननं तिच्यावर आपली सावली धरली आणि तो तसाच बसून राहिला.