पान चाळीस टेलला पोचत नाही

पणदऱ्याच्या वाचक मंडळानं १९५६ साली एकमतानं ठराव केला, की नामी पैलवान आप्पासाहेबांची कादंबरी आप्पासाहेबांनी एकट्यानंच लिहिली. सहलेखक कुंडलिक याचा तिच्याशी संबंध नाही.

हा ठराव झालाच नाही असं धरून मी पुढं लिहितो. वहीत त्याखाली रंगूबाईंचा अंगठा आहे, पण तो आपला नव्हेच असं त्या म्हणतात. पडताळायला त्यांनी अंगठा पुढंही केला. मला दोन्ही सारखेच दिसले, पण मी नुसता चिटणीस. तपास माझ्याकडं नाही.

रंगूबाई म्हणजे कुंडलिकची आई. कव्हरावर शड्डू ठोकलेले पैलवान, आणि त्यांच्या पायाखाली मुंगीएवढ्या अक्षरात कुंडलिक. आईनं एकदा ‘माझ्या पोरानं लिवलंय’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मंडळात सभासद पाच, प्रत एक. म्हणून पुस्तक कालव्याच्या पाण्यासारखं पाळीनं सोडलं. ज्याला जितकी पानं मिळतील ती त्याची; पुढच्यानं तिथून पुढं वाचायचं. मागची पानं दुसऱ्याच्या रानात मुरलेली, ती उलटायची नाहीत. वरच्या अंगाला सभासद आबासाहेब, त्यांना सुरुवात मिळाली. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, रंगूबाई. त्यांच्यापर्यंत शेवटची अकरा पानं पोचली. ती कुंडलिकनंच वाचून दाखवली, आणि नेमकी तेवढीच पैलवानांनी स्वतः लिहिलेली होती. सगळी तुपाबद्दल.

सभा दत्तोबाच्या गुऱ्हाळावर भरली.

“ह्याला लंगोट नेसता येईना, ह्यो कुस्ती लिवतोय व्हय?” रंगूबाई म्हणाल्या. लगेच ठराव झाला.

कुंडलिक रडकुंडीला आला. “आबासाहेब, पान चाळीस वाचून दावा की हिला.”

“पाळी मोडायची न्हाय. आज पुस्तकाची मोडली, उद्या उसाची मोडतील.”

“मग वाचू नका. नुसतं तोंडानं सांगा.”

आबासाहेबांनी विचार केला. तोंडी सांगणं म्हणजे नुसता पाझर, आणि पाझराला बंदी नव्हती.

“त्यात पैलवान पयल्या फडाला निघतो. आई धोतराच्या सोग्यात भाजल्याल्या शेंगा बांधती. म्हणती, हरलास तर खा, जिकलास तर माघारी आण. गडी हरतो, शेंगा खातो, आन् बाजारातनं तेवढ्याच इकत घिऊन आईला देतो.”

रंगूबाईंनी रसाचा पेला खाली ठेवला.

“कुंडलिक, सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बारामतीला गेलतास, तवा मी बांधून दिल्याल्या शेंगा माघारी आणल्यास, त्या खारट कशा रं लागल्या?”

कुंडलिक गुळाच्या काहिलीकडं बघत म्हणाला, “दुसऱ्या खेपंला झालो की पास.”

“आन् मी नऊ वर्सं जिभंला दोष देतीय!” रंगूबाई पोट धरून हसल्या. “माझ्याच पोरानं लिवलंय. इतकं खोटं पैलवानाला जमायचं न्हाय.”

कुंडलिकनं आनंदाच्या भरात कढत गुळाचा घास घेतला आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. लेखक म्हणून तो तेव्हा फार शोभला.

“आता मला पयल्यापासनं ऐकायचंय,” रंगूबाई म्हणाल्या. आबासाहेबांनी नकाराची मान हलवली. म्हणून मी अर्ज लिहिला:

मा. कालवा अधिकारीसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार रंगूबाई या टेलच्या वाचक असून त्यांना पान एक ते एकशे अठरा आजतागायत पोचलेले नाही. तरी कुंडलिकच्या पानांकरिता जादा आवर्तन सोडावे, पैलवानांचे तूप वरच्या दारालाच अडवावे, आणि वहीतील अंगठा कोणाचा हे मोजण्यास पाणी मोजणारा पाटकरी पाठवावा, ही विनंती.