उद्याचा फोटो

बंद पडलेल्या सिनेमागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, उरलेले लोक भिंतींना पाठ लावून उभे राहिले. पडद्यासमोर करड्या सुटातला एक गुटगुटीत माणूस उभा होता. तो उद्याचे फोटो काढतो अशी त्याची ख्याती, म्हणून लोक त्याला उद्याबाबा म्हणत. समोर आलेल्याच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर सेल्फी घ्यायचा, डोळे मिटायचे, "काळदेवा, दार उघड" असं घोगऱ्या आवाजात पुटपुटत राहायचं. थोड्या वेळाने तोच माणूस दहा-वीस वर्षांनी मोठा होऊन पडद्यावर अवतरायचा. टकलावर केस उगवलेले असायचे, लंगड्याच्या कुबड्या गेलेल्या असायच्या. वाईट उद्या आजवर कुणाच्याच वाट्याला आला नव्हता. काळाच्या त्या दारातून फक्त खुशखबर तेवढी बाहेर सोडत असावेत. पुढच्या रांगांची तिकिटं मात्र महाग होती.

चित्रकलेच्या बाई अगदी मागे उभ्या होत्या; डोक्यावरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. वर्गातली मुलं आठवडाभर याच फोटोंबद्दल बोलत होती, म्हणून त्या बघायला आल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्याच वर्गातली एक मुलगी आईचा हात धरून मंचावर चढली आणि बाई टाचा उंचावून पाहू लागल्या.

मुलगी सातवीतली. खिशात सदा बिस्किटं, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. ती बिस्किटं हौसेची नव्हती. तिला लहानपणापासून मधुमेह होता. रोज इन्शुलिनची इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि साखर एकदम उतरलीच तर तोंडात टाकायला ती बिस्किटं.

बाबा पुटपुटला आणि पडद्यावर पंचविशीतली खारूताई उमटली. बाह्या दंडावर दुमडलेला पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, गालावर तीळ, आईसारखंच हसू. सभागृहातून एक लांब सुस्कारा निघाला.

"ताई, हा दंड बघा," बाबा म्हणाला. "सुईची एक तरी खूण दिसते? नाही दिसणार. या मुलीने आजपासून सुई घेतलीच नाही, म्हणून तिला हा उद्या मिळाला. सुई घेतलीत तर तो रुसेल. उद्या दुपारी पुन्हा या, दार पुरतं उघडू."

बाहेर बाईंनी आईला गाठलं. इन्शुलिन थांबवलं तर पोरीच्या जिवावर बेतेल हे परोपरीने सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, मी रोज माझ्या पोरीला टोचते," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, जन्मभर टोचा. आज मी तिला मोठी झालेली पाहिली. माझ्या या डोळ्यांनी."

आई मान हलवून निघून गेली. रात्रीचं इंजेक्शन तरी देईल, अशी बाईंनी मनाची समजूत घातली.

सकाळपर्यंत तो फोटो घरोघरच्या मोबाइलवर पोचला होता. बाईंनी चित्रकलेच्या तासाला तोच वर्गातल्या पडद्यावर लावला आणि हा खरा की यंत्राने बनवलेला, हे ओळखायला सांगितलं. यंत्र बोटांच्या संख्येत चुकतं असं ऐकलेलं, म्हणून मुलांनी आधी बोटं मोजली. ती पाचच निघाली, तेव्हा सगळ्यांचा हिरमोड झाला.

"बोटं मोजून भागायचे दिवस गेले," बाई म्हणाल्या. "यंत्र रोज सुधारतंय, आपले डोळे आहेत तेवढेच आहेत. म्हणून बघण्याआधी विचारायचं. हा फोटो कुणी काढला? कुठे उभं राहून? कधी?"

मागच्या बाकावर एक मुलगी होती. कुणाशीही वाद घालायची, म्हणून तिला वकील म्हणत. ती उठली. "फोटो खारूताई पंचवीस वर्षांची झाल्यावरचा असेल, तर कॅमेरा तिथवर गेला कसा, बाई? आणि गेलाच, तर परत कशाला आला?"

वर्ग खिदळला. मग एकाने तीळ दाखवला. फोटोत तो डाव्या गालावर होता आणि खारूताईच्या उजव्या. बाईंनी कारण सांगितलं: मोबाइलचा पुढचा कॅमेरा कधीकधी आरशासारखा उलटा फोटो घेतो. बाबाने मंचावर घेतलेला सेल्फी तसाच उलटा होता. यंत्राने तोच वाढवला आणि उलटा तीळही मुकाट्याने पुढे नेला. मग बाईंनी स्वतःचा फोटो मोबाइलमधल्या एका ॲपला दिला. बघता बघता पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, सुरकुतलेल्या बाई आल्या आणि मुलं हसून लोटपोट झाली.

खारूताई हसत नव्हती. पाण्याची बाटली रिकामी करून ती शेजारणीची पीत होती. तासाभरात कितीदा तरी बाहेर जाऊन आली होती. ओठ कोरडे पडले होते, श्वास भराभर चालला होता. बाई तिच्याजवळ वाकल्या. तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता.

"कालपासून घेतलं नाही," ती पुटपुटली. "आईने सुया टाकून दिल्या."

बाईंनी इस्पितळात फोन लावला. डॉक्टरांनी लक्षणं ऐकली आणि तिला ताबडतोब आणा, शुद्ध हरपली तर हाताबाहेर जाईल, असं बजावलं. इकडे मुख्याध्यापकांनी नियमाप्रमाणे आईला कळवलं होतं. बाई फोन ठेवून वळेपर्यंत आई मुलीला घेऊन फाटकाबाहेर पडलीही होती. ती कुठे गेली असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. रुग्णवाहिकेला सिनेमागृहाचा पत्ता देऊन बाई धावत सुटल्या.

पहिल्या रांगेत खारूताई आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. छाती भात्यासारखी हलत होती. बाईंनी आईचा दंड धरून हलवला, पण तिची नजर मंचावरून ढळेना. दार उघडताना अंग असंच तापतं, धाप लागते, बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, एवढंच ती म्हणाली. तोवर बाबाची दोन माणसं बाईंना बाहेर काढायला निघाली होती. आरडाओरडा करून उपयोग नव्हता.

बाईंच्या पर्समध्ये एक जुना फोटो असे. शाळेच्या गणवेशातला अकरा वर्षांचा मुलगा, पुढचा एक दात तिरका. त्यांचा धाकटा भाऊ. त्याच वर्षी तो तापाने गेला होता. फोटो हातात घेऊन बाई सरळ मंचावर चढल्या.

"हा आमच्या घरचा मुलगा," त्या म्हणाल्या. "त्याला इथे येता येत नाही. त्याचा उद्या दाखवा."

बाबाने फोटोवर मोबाइल धरला, डोळे मिटले, पुटपुटला. पडद्यावर तिशीतला एक पुरुष आला.

बाईंनी पुढचं बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं. पण वर पाहिलं आणि ते तसंच राहिलं. तेच कान, तोच तिरका दात. दाढी त्याला शोभत होती. असा दिसला असता तो. क्षणभर बाईंना वाटलं, कुणी काही बोलू नये, हे चित्र असंच राहावं. पहिल्या रांगेतली ती आई त्यांना त्या क्षणी पुरती कळली.

"खणखणीत तब्येत!" बाबा सांगत होता. "परदेशात मोठा इंजिनियर. दोन मुलांचा बाप."

बाई लोकांकडे वळल्या. "हा माझा भाऊ. अकराव्या वर्षी वारला. मी त्याच्या उशाशी बसले होते."

बाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "देह जातो," तो गंभीरपणे म्हणाला, "आत्मा वाढत राहतो."

"आणि इंजिनियर होतो?" मागून कुणीतरी विचारलं. दोघं-तिघं फिसकन हसले.

बाई मंचाच्या कडेला येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि फक्त आईशी बोलल्या. "ताई, यंत्राला जिवंत-मेलेलं कळत नाही. फोटो दिला की ते तो वाढवतं. हे पुटपुटतात तेवढ्या वेळात वरच्या खोलीत यांचा माणूस संगणकावर ते काम उरकतो. तुमच्या मोबाइलवरचा फोटो काढा. तीळ कुठल्या गालावर आहे ते बघा. मग पोरीचा गाल बघा."

आईने मोबाइल काढला. मुलीचा चेहरा हाताने स्वतःकडे वळवला. अंगठा उजव्या गालावरच्या तिळावर टेकवला आणि तिथेच ठेवला. मग तिने मुलीला उचललं. गर्दी आपोआप दुभंगली. बाहेर रुग्णवाहिका येऊन थांबत होती.

लोक वरच्या खोलीत चढले तेव्हा संगणक चालूच होता आणि त्यावर कुणाचा तरी उद्या अर्धवट तयार होता. उद्याबाबा मागच्या दाराने पसार झाला. पोलिसांनी त्याला बसथांब्यावर धरलं.

खारूताई काही दिवसांनी उठून बसली. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई खाटेच्या कडेला मान खाली घालून बसली होती.

"मला शंका आली नव्हती असं नाही, बाई," ती म्हणाली. "मला ते खरंच हवं होतं."

"मलाही हवं होतं," बाई म्हणाल्या. "त्या पडद्याकडे बघताना."

पुढे पालकांनीच शाळेत येऊन तो तास आमच्यासाठीही घ्या म्हणून सांगितलं. आई पहिल्या बाकावर बसली. बाईंनी मुलांना शिकवलं तेच मोठ्यांना शिकवलं आणि शेवटी एवढंच म्हणाल्या: "फोटो पाहून गहिवर आला तर येऊ द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या गहिवरात औषध बंद करू नका, कुणाच्या मागे धावू नका, फोटो पुढे ढकलू नका. आधी विचारा, हा कुणी काढला, कुठे, कधी. आणि हा पाहून मी काय करावं अशी कुणाची इच्छा आहे? उत्तर मिळेपर्यंत थांबा. डोळे फसतात, तो त्यांचा दोष नाही. विचारायचं राहून गेलं, तर तो मात्र आपला."