स्पर्शाचं भुयार

सैदा शहरातल्या विज्ञानघरात सगळ्यात मोठी रांग अंधाऱ्या भुयाराला होती. आत मिट्ट काळोख. गुडघ्यांवर रांगत जायचं आणि भिंतींना काय काय लावलंय ते हातानं चाचपून ओळखायचं. जुमाना सकाळपासून त्याचाच हट्ट धरून बसली होती. ती साबणाच्या मोठ्या फुग्यात उभी राहिली, सायकल मारून दिवाही पेटवला, पण लक्ष सगळं भुयाराकडे.

भुयाराच्या तोंडाशी बसलेल्या मुलीनं जुमानाच्या कानातलं यंत्र काढायला सांगितलं. "आत दोऱ्यांत अडकून तुटेल हो."

जुमाना जन्मापासून बहिरी. यंत्र काढलं की तिला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नसे.

"कान नाहीतच, आता डोळेही काढून घ्या पोरीचे," आजी वजीहा करवादली. "वफीक, तुझ्या बायकोला काही सांगशील का नाही?"

"आई, सगळी मुलं जातायत," वफीक म्हणाला.

"सगळ्या मुलांना हाक मारली तर ऐकू येते."

जुमानाच्या आईचं, सुहैलाचं डोकं तडकलं. समुद्रावर नको, सहलीला नको, वाढदिवसाच्या घरी गोंधळ असतो म्हणून तिथेही नको. आजवर पोरीच्या वाट्याला हेच आलं होतं. तिनं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं, पर्स सासूच्या हातात दिली आणि लेकीला खुणेनं सांगितलं, 'जा.' जुमाना हसली आणि काळ्या पडद्याआड गेली.

तिघं पलीकडच्या दाराशी येऊन थांबली. ते सरकतं दार विजेवर चालायचं. मूल आतून जवळ आलं की आपोआप उघडायचं. पुढची मुलं एकेक करून बाहेर आली, केस विस्कटलेली, खिदळत. तेवढ्यात दिवे गेले.

सैदात वीज रोजच जायची, त्याचं कुणाला काय? "गेली बाई!" म्हणून कुणीतरी हसलं, लोकांनी फोनचे दिवे लावले आणि जनरेटरची वाट बघत उभे राहिले. जनरेटर खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला. पुन्हा खोकला. मग गप्प.

सरकतं दार बंदच होतं.

"आत अजून कोणी आहे?" या दाराशी कामावर असलेल्या दुसऱ्या मुलीनं विचारलं.

"माझी लेक आहे."

"मग बाहेरून हाक मारा ना. घाबरू नकोस म्हणावं, येईल लाइट."

"तिला ऐकू येत नाही," सुहैला म्हणाली. वफीक दाराच्या फटीत बोटं घालून जोर लावत होता. "हाताने उघडायची काही सोय असेल ना? किल्ली, दांडा, काहीतरी!" मुलगी तळघराकडे पळाली, तिच्यामागे वफीक.

सुहैला थांबली नाही. उलटं फिरून ती प्रवेशाकडे धावली आणि पडद्यात शिरली. फोन पर्समध्ये राहिला होता, पण मागे वळायचं भानच नव्हतं.

आत हवा कोंदट होती. हाताला काथ्या लागला, मग ओलसर गार दगड, मग लोकर, जणू कुणी जनावर बसलंय. तोंडावर दोऱ्या आल्या. "जुमाना!" ती ओरडली. आवाज भिंतींनी गिळून टाकला. कुणाला हाक मारतेय मी, तिच्या मनात आलं. घरी ती जमिनीवर पाय आपटायची. फरशीचा हादरा कळला की जुमाना वळून बघायची. तिनं मुठी आपटल्या. पण खाली जाड स्पंज. हादरा तिच्याच मनगटात विरला.

वाट अरुंद होत गेली. खांदे घासू लागले. पोर कुठे अडकली असेल, दोऱ्या गळ्याभोवती, असं एकेक डोळ्यांसमोर येऊ लागलं. पुढे हात टाकला तर खाली काहीच नव्हतं. तोल जाऊन ती घसरगुंडीवरून डोक्याकडून खाली गेली आणि स्पंजाच्या तुकड्यांत आदळली.

तिथे कुणीतरी श्वास घेत होतं. तोकडा, भराभर.

तिनं हात पुढे केला. हाताला लहानसा दंड लागला आणि त्याच क्षणी मनगटात दात रुतले. जुमाना रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती लाथा झाडत होती, बोचकारत होती. अंधारातून कुणीतरी आपल्याला धरलंय, एवढंच तिला कळत होतं. सुहैला तिला छातीशी ओढू लागली तशी ती आणखी पिसाळली.

'मी आहे' हे सांगायचं कसं? खुणा दिसत नव्हत्या, ओठ दिसत नव्हते.

सुहैलानं तिचा एक पंजा घट्ट पकडला आणि आपल्या गळ्यावर दाबला. शाळेत बोलायला शिकवताना बाई असंच करायच्या, गळ्याचा कंप बोटांना कळावा म्हणून. ती एकच शब्द म्हणत राहिली, "जुमाना, जुमाना, जुमाना." नखं गळ्यात रुतली. मग बोटं थबकली. चाचपत हनुवटीवर आली, गालावर, कानातल्या डुलावर. पोरीच्या तोंडून घोगरा, सुटा आवाज निघाला, "मामा." आईला ती हीच हाक मारायची. मग ती अशी रडू लागली की बाहेर वजीहालाही ऐकू गेलं.

वफीकनं दांडा फिरवून दार हातानं वर सरकवलं, तेव्हा फोनच्या उजेडात दोघी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसल्या. सुहैलाच्या मनगटातून रक्त येत होतं.

वजीहानं सुनेच्या हाताला आपला रुमाल बांधला. मग टोमणा मारायचं सोडून तिनं पर्स उघडली आणि यंत्र काढून जुमानासमोर धरलं.

यंत्र कानात बसवून घेतल्यावरही जुमाना आईकडे रागानं बघत होती. मग तिनं खुणेनं विचारलं, 'दार का लावलंस?'

सुहैलानं खुणेनंच सांगितलं, 'मी नाही लावलं. वीज गेली.'

जुमानानं विचार केला. तिच्या घरी वीज रोज जायची. 'इथेपण?'

'इथेपण.'

यावर तिचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. महिनाभर तिनं न्हाणीघराचं दार लावलं नाही, आणि सुहैलानंही तिला कधी लाव म्हटलं नाही.