झडपेची फुसफुस

माझ्या साडूंना वाफेच्या इंजिनाचा इतिहास तोंडपाठ आहे. समोरच्याला तो नको असतो, एवढंच त्यांना माहीत नाही. चहा येईपर्यंत ते खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनापाशी असतात, कप रिकामा होतो तेव्हा रुळांवर. पण त्यांचा खरा जीव बॉयलर फुटण्याच्या प्रकरणात.

"साडूभाऊ, जादा वाफ सोडायला झडप असते. एका भट्टीवाल्याने तिच्या आवाजाला कंटाळून तीच दाबून धरली. पुढे तो कशालाच कंटाळला नाही."

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच इंजिन करायला घेतलं. बायकोचं शिवणयंत्र कोपऱ्यात गेलं, त्या टेबलावर तांब्याचा बॉयलर आला, पितळेचं सिलिंडर आलं, बशीएवढं चाक आलं. दाब दाखवणारा काटा मात्र बसवला नाही. म्हणाले, "झडप आहे ना. ती खोटं बोलत नाही."

झडप खरंच खोटं बोलत नव्हती, पण फार बोलत होती. चाक जरा फिरलं की फुस्स. पुन्हा दोन गिरक्या, पुन्हा फुस्स.

"चालतं कमी, उसासेच जास्त टाकतं," मेहुणी म्हणायची. तिला घरातली कुठलीच गळती बघवत नाही. नळ असो, खिडकी असो, वाळला की दगड होणारा तो दोन रंगांचा लगदा मळायचा, चोपडायचा, विषय संपला. तिने बुजवलेलं भोक पुन्हा उघडल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

रविवारी सासऱ्यांना इंजिन दाखवायचं ठरलं. सासरे जन्मभर पेपर तपासायचे. पूर्ण गुण त्यांनी कोणालाच दिले नाहीत, जावयांना तर नाहीच. साडू इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मी सवयीने दाराजवळची खुर्ची पकडली.

बॉयलरखालचा दिवा पेटला. पाणी कुरकुरलं. मग चाक फिरलं, असं फिरलं की आरे दिसेनासे झाले.

"आज उसासा नाही तो," मी मेहुणीला म्हटलं.

ती माझ्या कानाशी आली. "काल बुजवलं. आतून. ह्यांना सांगू नका हं भावोजी, बाबांसमोर उगाच हसं झालं असतं."

मी उठलो. "दिवा विझवा. झडप बुजलीय."

साडूंनी मला कोपराने अडवलं. "पाहिलंत ना बाबा? माझं इंजिन चाललेलं ह्यांना बघवेना."

"तुम्ही बसा हो," सासरे मला म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची बॉयलरजवळ ओढली आणि नाक जवळजवळ तांब्याला लावलं. "जावईबापू, पैकीच्या पैकी."

साडूंचे डोळे भरून आले. तेही शेजारी वाकले.

"आणि काय शांत चालतंय," सासरे म्हणाले. "फुसफुससुद्धा नाही."

साडूंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. बॉयलरच्या डागकामाच्या कडेने वितळलेल्या कथलाचा एक चकचकीत थेंब हळूच बाहेर येत होता. त्यांनी झडपेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तू काही केलंस का गं?"

मेहुणी लाजली.